हतनूरच्या आभाळातली पट्टी: फोर-के स्क्रीनवर मागे राहणाऱ्या छापेचं एक प्रकरण

तक्रार फोनवर आली ती अशी: लग्नाच्या अल्बममध्ये प्री-वेडिंगच्या शीटवर उजव्या अंगाला एक उभी फिकट पट्टी छापून आली आहे. स्टुडिओच्या स्क्रीनवर ती दिसत नाही. लॅबवाले म्हणतात फाइलमध्येच आहे, स्टुडिओ म्हणतो तुमच्या मशीनमध्ये आहे. या दोघांच्या भांडणात अल्बमची ऑपरेटर ताई अडकली होती. शीट तिनं बनवल्या होत्या आणि रीप्रिंटचे पैसे तिच्या पगारातून कापायची भाषा सुरू झाली होती.

स्टुडिओ भुसावळचा. माझं काम जळगावात मॉनिटर दुरुस्तीचं आणि रंगजुळणीचं. आजूबाजूच्या तालुक्यांतले बरेच स्टुडिओ स्क्रीन कॅलिब्रेट करायला मला बोलावतात. स्टुडिओचे मालक, ज्यांना सगळे अप्पा म्हणतात, डार्करूमच्या काळापासून या धंद्यात आहेत. त्यांच्या परवानगीनं हे लिहितोय, नावं मात्र कुणाचीच देत नाही. लिहायचं कारण एवढंच, की असाच गोंधळ आणखी स्टुडिओंत चालू असणार आणि तिथेही कुणातरी ऑपरेटरच्या माथी तो मारला जात असणार.

आधी जागा समजून घ्या. अप्पांकडे २७ इंची दोन फोर-के मॉनिटर आहेत. एकाच मॉडेलचे, एकाच बिलावर घेतलेले, आयपीएस पॅनेलचे, म्हणजे एलसीडीच्याच एका जातीचे. पहिला बाहेरच्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीला, वर पत्र्याचं छत आणि खाली पीओपीचं सीलिंग. तिथे कूलर आहे. दुसरा आतल्या खोलीत, तिथे एसी आहे, कारण सर्व्हरचा डबा आणि कॅमेऱ्यांचं कपाटही तिथेच. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आगेमागे लग्नं इतकी दाटतात की दोन्ही खुर्च्या सकाळपासून रात्रीपर्यंत हलत नाहीत. मे महिन्यात भुसावळचा पारा ४४-४५ च्या घरात असतो हे खानदेशात कुणाला सांगायला नको. ताई बाहेरच्या मॉनिटरवर बसते.

मी गेलो तेव्हा अप्पांनी टेबलावर छापून आलेल्या शीट पसरून ठेवल्या होत्या. १२ बाय ३६ चा अल्बम. हतनूर धरणाच्या काठावर संध्याकाळी काढलेले फोटो, खाली पाणी आणि वर अर्ध्याहून जास्त आभाळ, केशरीतून राखाडी-निळ्यात विरघळत जाणारं. आणि त्या आभाळात उजव्या टोकाला वरून खाली उतरणारी एक फिकट पट्टी. एकदम पाहिलं तर कळत नव्हती, पण एकदा दिसली की नजर तिथून हटत नव्हती. मुलीच्या वडिलांनी ती अल्बमच्या तिसऱ्या पानावर पकडली होती आणि अल्बम परत पाठवला होता.

"मी तं जे डाग दिसत होते तेच साफ केले भाऊ," ताई म्हणाली. "उजवीकडं आभाळ जरा काळपट दिसत होतं, ते उचललं."

म्हणजे तिला स्क्रीनवर काळपट पट्टी दिसली होती, तिनं ती उजळ केली, स्क्रीनवर सगळं एकसारखं झालं आणि कागदावर उजळ पट्टी उमटली. हे ऐकल्यावर मी लॅबकडे जायचा विचार सोडला आणि पट्टी मोजायला घेतली.

उजव्या कडेपासून पट्टीच्या आतल्या धारेपर्यंत साडेतीन इंच भरले. दुसऱ्या शीटवर साडेतीन. तिसऱ्यावरही तेवढेच. फोटो वेगळे, चौकटी वेगळ्या, कॅमेऱ्याची दिशा वेगळी, आणि पट्टी मात्र जागची हलत नाही. लेन्सचा दोष असता तर तो प्रत्येक फोटोबरोबर फिरला असता. मग ताईला फोटोशॉप उघडायला सांगितलं. ती कामाच्या वेळी लेयर्सचं पॅनेल, म्हणजे फोटोचे थर दाखवणारी उभी चौकट, कायम उजवीकडे ठेवते. त्या पॅनेलची रुंदी स्क्रीनवर फूटपट्टीनं मोजली: सव्वादोन इंच. २७ इंची रुंद स्क्रीनची आडवी लांबी साडेतेवीस इंच असते. ३६ इंची शीट पूर्ण स्क्रीनभर ताणली तर स्क्रीनवरचे सव्वादोन इंच शीटवर किती होतात? सव्वादोन भागिले साडेतेवीस, गुणिले ३६. जवळपास साडेतीन.

पूर्ण शीट डोळ्याखाली घालताना ताई टॅब दाबून पॅनेल लपवते आणि शीट स्क्रीनभर आणते. पॅनेल गेलं तरी त्याची छाप काचेत राहिलेली असते आणि आभाळाचा उजवा भाग नेमका त्या छापेवर येतो. ती दुरुस्त करत होती ते आभाळ नव्हतंच. पॅनेलची सावली होती.

फाइल की काच

हे सिद्ध करायला फार सामान लागत नाही. स्क्रीनवर संशयास्पद पट्टी दिसली की स्पेसबार दाबून फोटो थोडा सरकवायचा. पट्टी फोटोबरोबर सरकली तर ती फाइलमध्ये आहे. फोटो सरकला आणि पट्टी जागेवरच राहिली तर ती काचेत आहे. या प्रकरणातली सगळ्यात कामाची गोष्ट मला विचाराल तर हीच, आणि तिला एक पैसा खर्च येत नाही.

दुसरी खात्री स्क्रीनशॉटची. ताईनं दुरुस्तीआधीचा मूळ फोटो उघडून तो घेतला आणि मला व्हॉट्सॲपवर पाठवला, माझ्या फोनवर आभाळ स्वच्छ होतं, त्यात ना छाप ना काही. तीच स्क्रीन मोबाइलच्या कॅमेऱ्यानं टिपली तर छाप दिसत होती. स्क्रीनशॉट कॉम्प्युटरच्या स्मृतीतून निघतो, त्याला काचेवर काय चाललंय याचा पत्ता नसतो. म्हणजे फोटोशॉप आणि विंडोज एका झटक्यात सुटले. केबलचाही संशय नको म्हणून, अप्पांच्या समाधानासाठी गोलाणी मार्केटमधून नवी डिस्प्ले केबल आणून लावली. फरक पडणार नव्हताच, पडला नाही.

तिसरी गोष्ट वेळेची. रात्रभर बंद राहिलेली स्क्रीन सकाळी उघडली आणि तीच वादातली फाइल उघडली तर आभाळात उजळ पट्टी स्पष्ट दिसली. ताईच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. संध्याकाळी तीच फाइल, तीच स्क्रीन, आणि पट्टी गायब, कारण तोवर काचेतली काळपट छाप परत तयार झाली होती आणि फाइलमधल्या उजळ पट्टीवर तंतोतंत बसून ती झाकत होती. लॅबवाले खरं बोलत होते आणि ताईही खरं बोलत होती. अप्पांना मी तिथेच सांगितलं की या पोरीच्या पगारातून एक रुपयाही कापू नका. तिची नजर चांगली आहे म्हणून तिला तो फरक दिसला. कमी नजरेच्या माणसानं तो सोडून दिला असता आणि अल्बम बिनतक्रार गेला असता.

तो फरक होता किती? करड्या रंगाची सपाट स्क्रीन लावून कलरीमीटर (काचेवर ठेवून उजेड आणि रंग मोजणारा मापक) आधी छापेवर आणि मग शेजारी ठेवला. उजेडात दोन टक्क्यांच्या आसपास फरक आला. एवढा फरक सलग चढत-उतरत गेला तर माणसाला कळतही नाही. पण कड सरळ आणि धारदार असली की डोळा तो लगेच पकडतो. पॅनेलच्या कडा धारदारच असतात. फोर-के स्क्रीनवर तर छापेतसुद्धा बारकावे राहतात: ताईच्या स्क्रीनवर करड्या पडद्यात लेयरच्या डोळ्यांच्या खुणांची रांग ओळखू येत होती.

काचेत काय होतं

एलसीडी पॅनेलमध्ये दोन काचांच्या मध्ये द्रवस्फटिकाचा काही मायक्रॉन जाडीचा थर असतो. प्रत्येक उपपिक्सेलला, म्हणजे पिक्सेलच्या लाल, हिरव्या किंवा निळ्या भागाला, व्होल्टेज दिलं की तिथले रेणू वळतात आणि मागच्या बॅकलाइटचा उजेड त्या प्रमाणात पुढे येतो. हे व्होल्टेज सतत एकाच दिशेनं देऊन चालत नाही. द्रवस्फटिकात थोडी का होईना, अशुद्धी असतेच, तिचे आयन, म्हणजे विद्युतप्रभार असलेले कण, विद्युतक्षेत्राच्या ओढीनं एका बाजूला सरकतात आणि काचेवरच्या पॉलिइमाइडच्या अस्तराशी साचतात. म्हणून व्होल्टेजची दिशा दर फ्रेमला उलटवतात. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर सेकंदाला ६० वेळा. अधिक आणि उणे अगदी सारखे असतील तर हिशेब शून्यावर येतो. पण मधली आधारपातळी, जिला या धंद्यात व्हीकॉम म्हणतात, ती कारखान्यातून थोडी सरकलेली आली किंवा पुढे सरकली, तर एका बाजूचं पारडं रोज थोडं जड राहतं. त्याच जागी तेच चित्र तासन् तास राहिलं की त्या जागेचे आयन साचत जातात. चित्र बदललं तरी साचलेला प्रभार आपलं छोटं क्षेत्र टिकवून ठेवतो आणि रेणू पूर्ण जागेवर येत नाहीत. ती छाप. पुरेसा वेळ क्षेत्र काढून घेतलं की आयन पुन्हा पसरतात आणि छाप जाते.

छाप मधल्या करड्या छटांत सगळ्यात जास्त का दिसते, याचंही कारण इथेच आहे. पूर्ण काळ्याजवळ आणि पूर्ण पांढऱ्याजवळ व्होल्टेज थोडं इकडंतिकडं झालं तरी उजेड फारसा बदलत नाही. मधल्या पट्ट्यात तेवढ्याच व्होल्टेजला उजेड बराच हलतो. संध्याकाळचं आभाळ बरोबर त्या मधल्या पट्ट्यात बसतं. मंडपातले भडक फोटो, हळदीची गर्दी, वरातीतले दिवे, यांत हीच छाप असूनही कुणाला कधी दिसली नसती. आणि खरंच, त्याच अल्बमच्या हळदीच्या शीटवर काही नव्हतं.

जास्त रिझोल्यूशनच्या स्क्रीनला हा त्रास जास्त का जाणवतो, हे अप्पांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे, कारण त्यांच्याकडचा जुना फुल एचडी मॉनिटर कित्येक वर्षं बिनतक्रार चालला होता. २७ इंचात फुल एचडीचे सुमारे २१ लाख पिक्सेल मावतात, फोर-केचे जवळपास ८३ लाख, आणि प्रत्येक पिक्सेलचे तीन उपपिक्सेल. इंचात ८२ पिक्सेलऐवजी १६३. तारा आणि ट्रान्झिस्टर त्या प्रमाणात बारीक होत नाहीत, म्हणून प्रत्येक उपपिक्सेलमधून उजेड जायला जागा कमी उरते. पुढे तेवढाच उजेड हवा तर बॅकलाइट जोरात चालवावा लागतो आणि पॅनेल तापतं. शिवाय बारीक पिक्सेलमुळे छापही बारीक आणि रेखीव उमटते. जुन्या मॉनिटरवर अंधुक ढग दिसला असता, इथे कड दिसते.

तापमानाचा भाग आपल्याकडे खास महत्त्वाचा आहे. गरम द्रवस्फटिकात आयन जास्त चपळ होतात आणि साचणं लवकर होतं. बहुतेक डेस्कटॉप मॉनिटरच्या पुस्तिकेत वापराचं तापमान शून्य ते ४० अंश दिलेलं असतं. पत्र्याखालच्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी कूलर लावूनसुद्धा आपण त्या मर्यादेच्या उंबऱ्यावर असतो, आणि काचेमागचं तापमान तर खोलीपेक्षा वरच असतं.

दोन मॉनिटर, दोन खुर्च्या

आता प्रश्न उरला की दोष मॉनिटरचा की जागेचा. अप्पांकडे एकाच मॉडेलचे दोन नग होते हे फार मोठं भाग्य. असं निदान करायची संधी क्वचित मिळते.

चाचणी सोपी ठेवली. बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन दहा मिनिटं पूर्ण स्क्रीनभर ठेवायचे, मग लगेच सपाट करडा रंग लावायचा, लाल-हिरवा-निळा तिन्ही १२८ वर, आणि चौकोन दिसेनासे व्हायला किती वेळ लागतो ते पाहायचं. दोन्ही स्क्रीनचा उजेड आधी कलरीमीटरनं सारखा करून घेतला, नाहीतर तुलनेला अर्थ राहत नाही.

आतल्या एसीच्या खोलीतल्या मॉनिटरवर चौकोन मिनिटाच्या आत विरले. बाहेरच्यावर पाव तास होऊन गेला तरी अंधुक पट दिसत होता. मग दोन्हींची अदलाबदल केली. बाहेरचा मॉनिटर आत नेला, एसीत अर्धा दिवस स्थिरावू दिला आणि पुन्हा तीच चाचणी. छाप त्याच्याबरोबर आत गेली, पण निम्म्या वेळात पुसली. आतला चांगला मॉनिटर बाहेर पत्र्याखाली आल्यावर त्याचेही चौकोन दोन-तीन मिनिटं रेंगाळले.

म्हणजे दोन्ही खरं. त्या एका नगाचं पॅनेल मुळातच कमअस्सल होतं आणि त्याला बसवलंही होतं सगळ्यात गरम कोपऱ्यात. एकाच मॉडेलच्या, एकाच बिलावरच्या दोन नगांत एवढा फरक निघतो हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. "हे मॉडेल चांगलं, ते मॉडेल वाईट" अशी जी चर्चा दुकानात चालते, तिला या बाबतीत अर्धाच अर्थ असतो.

जे उपाय निरुपयोगी ठरले

मी जायच्या आधी अप्पांना बरेच सल्ले मिळाले होते. वायरमननं स्टॅबिलायझर लावायला सांगितला होता आणि तो लागलाही होता. आपल्याकडे उन्हाळ्यात लाईट कमी-जास्त होते हे खरं, आणि त्यानं फ्रीज, मोटारी, पंखे बिघडतात हेही खरं. पण मॉनिटरचा अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही घेऊन आत ठरलेलं डीसी व्होल्टेजच देतो, आणि पॅनेलची नाजूक व्होल्टेजं त्याच्यापुढे आणखी एका सर्किटमधून तयार होतात. भिंतीतल्या लाईटचा छापेशी संबंध नाही. स्टॅबिलायझर मी काढून फ्रीजला लावायला सांगितला.

रात्रभर पांढरी स्क्रीन ठेवायचा सल्लाही होता. आयपीएसमध्ये पांढरा म्हणजे सगळ्या उपपिक्सेलना सर्वांत जास्त व्होल्टेज, वर बॅकलाइट चालू आणि काच गरम. एवढं करून जे मिळतं त्यापेक्षा जास्त स्क्रीन नुसती बंद ठेवून मिळतं. झगमगणारे रंग दाखवणारे व्हिडिओ काही लोक तासन् तास लावून ठेवतात. ते अडकलेल्या पिक्सेलसाठी काढलेले असतात, तो वेगळाच आजार आहे. हेअर ड्रायरनं पॅनेल शेकवायचा उद्योग कुणी करू नये, ध्रुवीकरणाची फिल्म सुटली की मॉनिटर कायमचा गेला.

जे उपाय लागू पडले

सगळ्यात मोठा फरक उजेड कमी केल्यानं पडला. दोन्ही मॉनिटर खोक्यातून निघाल्यापासून शंभर टक्के उजेडावर चालू होते. छपाईच्या कामाला स्क्रीनचा उजेड प्रति चौरस मीटर ८० ते १२० कँडेला पुरतो, त्याहून जास्त ठेवला की उलट प्रिंट स्क्रीनपेक्षा काळी वाटते. कलरीमीटर लावून १२० वर आणला. ताईला पहिल्या दिवशी स्क्रीन मेलेली वाटली, मग खोलीचा पडदा ओढला आणि डोळे जुळले. काच लक्षणीय थंड राहू लागली. अल्बम काळे येतात ही लॅबकडची अप्पांची जुनी तक्रारही यातच मिटली, ती मी सोडवायला गेलोही नव्हतो.

मग फोटोशॉपची पॅनेल हलवली. तो जुना फुल एचडी मॉनिटर माळ्यावर पडून होता. तो शेजारी लावून लेयर्स, कलर, हिस्ट्री ही सगळी पॅनेल त्याच्यावर टाकली. मुख्य स्क्रीनवर आता फक्त फोटो असतो. खालचा टास्कबार आपोआप लपेल असं केलं. फोटोशॉपचा चेहरा ताईनं गडद काळा ठेवला होता, तो मधल्या करड्यावर आणला, कारण चित्र आणि चौकट यांत जितका फरक जास्त तितकी छाप ठळक. स्क्रीन पाच मिनिटांत आपोआप झोपेल असं सेट केलं. आधी ती कधीच झोपत नव्हती. जेवायला जाताना, लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर, नमाजाच्या आणि आरतीच्या सुट्टीत, सगळा वेळ तेच पॅनेल जळत असायचं. आता दुपारच्या जेवणाच्या तासाभरात काच मोकळा श्वास घेते, आणि तो तास तापमान सर्वांत जास्त असतानाचा आहे हे विशेष.

टेबल पश्चिमेच्या भिंतीपासून सुटं करून आडवं लावलं. मॉनिटरच्या पाठीवर धुळीसाठी टाकलेलं मखमली कापड काढलं. आपल्याकडची धूळ पाहता कापड टाकायची सवय चुकीची नाही, पण ते स्क्रीन बंद झाल्यावरच टाकायचं. कूलरचा झोत मॉनिटरवर थेट येणार नाही असा वळवला, ओल्या हवेचा सरळ मारा कुठल्याच सर्किटला मानवत नाही.

कामाच्या रीतीतही एक बदल केला, आणि तो मी प्रत्येक स्टुडिओला सांगतो. आभाळ, साधा पडदा, रंगवलेली भिंत अशा सपाट जागेत काही दुरुस्त करायच्या आधी स्पेसबार दाबून फोटो हलवून पाहायचा. आणि लॅबला पाठवायच्या शीट आदल्या संध्याकाळी पक्क्या न करता सकाळी, स्क्रीन उघडल्यावर, शेवटची नजर फिरवून पाठवायच्या. कॅलिब्रेशनसुद्धा असंच: स्क्रीन रात्रभर बंद असलेली हवी, मग अर्धा तास बदलती चित्रं दाखवून तापवून घ्यायची आणि मगच मापक चिकटवायचा. छापेवर मापक बसला तर चुकीचा रंग पूर्ण स्क्रीनवर पसरतो.

वॉरंटी

मॉनिटर तीन वर्षांच्या वॉरंटीत होता. कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही, अनुभव महत्त्वाचा आहे. पहिल्यांदा त्यांचा माणूस आला तेव्हा मी तिथे नव्हतो. अप्पांनी पाहुणा येणार म्हणून स्क्रीन बंद करून पुसून ठेवली होती. त्यानं चालू केली, दोन रंग लावले, काही दिसलं नाही, आणि जॉबशीटवर दोष आढळला नाही असं लिहून सही घेऊन गेला. तो खोटं बोलला नाही. बंद राहिलेल्या स्क्रीनवर छाप नसणारच.

दुसऱ्या भेटीची तयारी केली. दोन्ही मॉनिटर शेजारी शेजारी, सारख्या उजेडावर, सकाळपासून कामात. माणूस दारात आल्यावर पट लावला, भिंतीवरचं घड्याळ चौकटीत येईल असा मोबाइल स्टँडवर ठेवून व्हिडिओ सुरू केला आणि त्याला चहा दिला. दहा मिनिटांनी करडा रंग. एका स्क्रीनवरून पट उडाला, दुसरीवर बसून राहिला. तो म्हणाला, एलसीडीत थोडी छाप राहणं सर्वसामान्य आहे. बरोबर आहे, कंपन्यांच्या पुस्तिकांतही तसं छापलेलं असतं. पण थोडी म्हणजे किती, याचं उत्तर त्यांच्याच दुसऱ्या मॉनिटरनं शेजारी बसून दिलं होतं. जॉबशीटवर आम्ही त्याच्याकडून दोन्हींची वेळ लिहून घेतली. पॅनेल बदलून मिळालं.

नसतं मिळालं तर पुढची वाट ग्राहक हेल्पलाइनची होती, १९१५ या क्रमांकावर, आणि त्यानंतर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाची. त्यासाठीही हाच व्हिडिओ आणि हीच जॉबशीट लागली असती. नुसतं "स्क्रीन बरोबर नाही" असं तोंडी सांगून कुठेच काम होत नाही.

मधल्या काळात अप्पांच्या पुण्याच्या भाच्यानं ओलेड मॉनिटर घ्यायला सांगितलं होतं. रंग सुंदर, काळा अगदी काळा. मी नको म्हणालो. ओलेडमध्ये प्रत्येक उपपिक्सेल स्वतः उजेड देतो आणि देता देता झिजतो, निळा सगळ्यात आधी. फोटोशॉपचं एकच पॅनेल, एकच टास्कबार रोज दहा-बारा तास त्याच जागी राहिला तर ती जागा शेजारपेक्षा वेगळी म्हातारी होते, आणि ती छाप रात्रभर बंद ठेवून जात नाही. चित्र हळूच सरकवणं, पिक्सेल ताजे करणं अशा सोयी कंपन्या देतात आणि त्या झीज लांबवतात, पण लग्नसराईतल्या अल्बमच्या खुर्चीला मी अजून तरी ओलेड सुचवणार नाही. घरी सिनेमा पाहायला अवश्य घ्यावा.

नव्या पॅनेलवरही पटाची चाचणी केली. दीड-दोन मिनिटांत पुसलं. दिवसभराच्या कामानंतर बारकाईनं पाहिलं तर हलकी छाप असते, पण फोटोशॉपची पॅनेल शेजारच्या मॉनिटरवर गेल्यामुळे मुख्य स्क्रीनवर तिला उमटायला सरळ कड मिळत नाही.

राहिलं होतं जुन्या फाइलींचं. त्या मॉनिटरवर हंगामभर काम झालं होतं, म्हणून छपाईला जायच्या बाकी असलेल्या सगळ्या शीट ताईनं आतल्या खोलीतल्या स्क्रीनवर, सकाळी, एकेक करून तपासल्या. आणखी दोन अल्बममध्ये तीच साडेतीन इंचांची पट्टी निघाली, एकात आभाळ आणि दुसऱ्यात रिसेप्शनचा क्रीम रंगाचा पडदा. जिथे तिनं आभाळ उजळायचं काम वेगळ्या ॲडजस्टमेंट लेयरवर, म्हणजे मूळ फोटोला हात न लावता वरच्या थरावर, केलं होतं तिथे तो लेयर उडवला आणि आभाळ पूर्ववत झालं. जिथे फाइल सपाट करून फक्त जेपेग ठेवली होती, तिथे कॅमेऱ्यातल्या मूळ फोटोपासून शीट पुन्हा बांधावी लागली. परत आलेल्या अल्बमच्या रीप्रिंटचा खर्च अप्पांनी स्वतः उचलला आणि लॅबला फोन करून तसं सांगितलं. स्टुडिओत आता शीटची पीएसडी, म्हणजे सगळे लेयर शाबूत असलेली फोटोशॉपची फाइल, अल्बम ग्राहकाच्या हातात पडेपर्यंत पुसायची नाही असा नियम आहे.